सिग्नलला जिरणारं पेट्रोल

स्कूटर बघायला शोरूममध्ये गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि दुसरा, ‘हप्ता किती बसेल?’ दोन्ही रास्त आहेत. पण घर, ऑफिस, मंडई, मुलांचा क्लास अशा गावातल्या गावात होणाऱ्या फेऱ्यांसाठी गाडी घ्यायची असेल, तर ॲव्हरेजचा आकडा मुळात कशाने ठरतो ते आधी पाहायला हवं. ते कळलं की माहितीपत्रकातल्या निम्म्या गोष्टींचे पैसे मोजायची गरज उरत नाही.

११० सीसीची साधी स्कूटर १०५ किलोच्या आसपास भरते. चालवणारा, त्याचं हेल्मेट, डबा आणि पिशवी मिळून ७० किलो धरू. हे १७५ किलोचं ओझं ताशी ३६ किलोमीटर वेगाने निघालं की त्यात सुमारे ८,७५० जूल गतिज ऊर्जा साठलेली असते. पुढे सिग्नल लाल होतो, आपण ब्रेक दाबतो आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममधून हवेत जाते. हिरवा दिवा लागला की तेवढीच ऊर्जा पुन्हा पेट्रोल जाळून मिळवायची. याच वेगाने सपाट रस्त्यावर न थांबता एक किलोमीटर जायला टायरचा आणि हवेचा विरोध मिळून साधारण ६० हजार जूल लागतात. त्या किलोमीटरभरात चार वेळा थांबावं लागलं, तर खर्चात निम्म्याहून अधिक भर पडते. पुण्यात टिळक रस्त्यावरून संध्याकाळी सातला येणाऱ्याला हे गणित न मांडताही ठाऊक असतं.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी जूल ऊर्जा असते. शहरातल्या थांबत-निघत चालण्यात त्यातला फार तर पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचतो आणि बाकीचा सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या पंख्याच्या वाऱ्याबरोबर निघून जातो. या हिशेबाने एकदा थांबून पुन्हा वेग घेण्याची किंमत सव्वा ते दीड मिलिलिटर पेट्रोल होते. वेग ३६ ऐवजी ५४ असेल तर ऊर्जा दीडपट होत नाही, ती सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही त्याच प्रमाणात वाढतं. दोन सिग्नलांमधल्या मोकळ्या तुकड्यात गाडी पळवण्याचा हिशेब पेट्रोलच्या आणि जिवाच्या, दोन्ही बाजूंनी महाग पडतो.

म्हणून गावातल्या गाडीच्या निवडीत जास्तीत जास्त वेगाला मी काहीच गुण देत नाही. वजनाला देतो. चालवणारा हडकुळा असला तरी गाडीचं वजन प्रत्येक सिग्नलला त्याच्याकडून वसूल होतं. पायाशी सिलिंडर ठेवून, मागे माणूस बसवून, चढावर थांबून निघावं लागतं तेव्हा तर ते हाताला जाणवतं.

चढाचं गणितही मांडून बघू. ८ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर अंतरात ८ मीटर उंची. गाडीवर दोघं जण. ताशी ३० किलोमीटर वेगाने चढायला चाकाशी जेमतेम २ किलोवॅट शक्ती लागते. ११० सीसीचं इंजिन जास्तीत जास्त साडेपाच ते सहा किलोवॅट देतं. मधल्या बेल्टमध्ये आणि गिअरमध्ये काही गळती धरली तरी पुरून उरतं. रोज हायवेवरून जायचं नसेल, तर निव्वळ ताकदीसाठी १२५ सीसीचे वरचे पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. मोठं इंजिन हलक्या भारावर चालवलं की त्याची कार्यक्षमता घसरते आणि गावात ते बहुतेक वेळ हलक्या भारावरच चालतं.

हे इंजिन चाकाला ज्या यंत्रणेने जोडलेलं असतं, ती मला स्कूटरमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघू लागलेल्या बजाज चेतकचे गिअर डाव्या मुठीत असत. मूठ फिरवून गिअर बदलायचे आणि त्याच हाताने क्लच धरायचा. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने तो सगळा खटाटोप संपवला. नुसती रेस द्यायची की गाडी निघाली. हेच तत्त्व हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये छोट्या मोटारीत आणलं होतं. आपल्याकडे स्कूटर बायकांच्या, वडीलधाऱ्यांच्या, नव्याने शिकणाऱ्यांच्या हाती सहज गेली ती या यंत्रणेमुळे.

एखाद्या गॅरेजात सर्व्हिसिंग चालू असताना डाव्या बाजूचं लांबोळं झाकण उघडलेलं पाहा. आत पुढे एक कप्पी, मागे एक कप्पी आणि दोन्हींवरून गेलेला दातेरी रबरी बेल्ट. झाकणाच्या आतल्या बाजूला झिजलेल्या रबराची काळी भुकटी बसलेली असते. पुढची कप्पी दोन शंकूसारख्या तबकड्यांची. तिच्यामागे छोटे गोल रोलर असतात. मेकॅनिक या भागाला व्हेरिएटर म्हणतो. इंजिनचे फेरे वाढले की रोलर बाहेरच्या दिशेला सरकतात, एका तबकडीला दुसरीकडे ढकलतात आणि मधल्या फटीतला बेल्ट वर चढतो. पुढची कप्पी जणू मोठी होते. बेल्टची लांबी तीच असल्याने मागच्या कप्पीत तो स्प्रिंगचा दाब झुगारून खोल उतरतो आणि ती कप्पी लहान होते. पहिल्या गिअरपासून चौथ्यापर्यंतचा सगळा प्रवास असा एका सरकत्या बेल्टवर, मधे कुठेही न अडखळता होतो. मागच्या कप्पीला लागून क्लच असतो. फेरे कमी असताना त्याचे शू आत मिटलेले राहतात. रेस दिली की ते फाकतात, भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात आणि चाक फिरू लागतं.

या सोयीचीही किंमत असते. बेल्टच्या घर्षणात काही ऊर्जा जाते, त्यामुळे तेवढ्याच इंजिनाची गिअरवाली मोटरसायकल जास्त ॲव्हरेज देते. आणि ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट धरून थोडी थोडी रेस देत राहणाऱ्याचे क्लच शू घसरून घसरून तापतात. त्यावर चकाकी चढते आणि मग निघताना गाडी थरथरते. चढावर थांबलेल्या गाडीला रेसवर तोलून धरायची सवय अनेकांना असते. ती सोडली आणि ब्रेकवर थांबलं तर क्लच कितीतरी जास्त टिकतो.

सेकंडहँड गाडी बघणाऱ्याने हे लक्षात ठेवावंच, कारण कमी पैशांत गाडी हवी असेल तर चांगली जुनी गाडी हा उत्तम पर्याय आहे. मागे ओळखीच्या माणसाला बसवून चढावर न्या आणि रेस द्या. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर बेल्ट किंवा रोलर झिजलेले आहेत. निघताना थरथर असेल तर क्लच बघावा लागेल. बेल्ट साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलतात. तो बदलल्याचं बिल मालकाकडे आहे का ते विचारा. तीस हजार चाललेल्या गाडीत मूळचाच बेल्ट असेल तर तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि स्कूटरमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. त्याआधीची गाडी दुरुस्तीला सोपी आणि स्वस्त, नंतरची धुराला आणि पेट्रोलला बरी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. जुन्या गाडीचं ॲव्हरेज जरा उतरलेलं दिसलं तर सगळा दोष इंजिनावर टाकू नका. तिच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र तपासून घ्या.

आता खड्डे. ‘१२ इंची चाक घ्या, खड्डे कळत नाहीत’ असं सर्रास सांगितलं जातं. मोजून पाहिलं तर नेहमीच्या टायरसह १० इंची चाकाची त्रिज्या सुमारे २१७ मिलिमीटर भरते आणि १२ इंचीची सुमारे २३३. फरक १६ मिलिमीटरचा, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास. खड्ड्यात चाक किती खोल उतरणार आणि त्याची कड किती जोरात आदळणार, हे त्रिज्येवर ठरतं. म्हणजे फायदा आहे, पण सात टक्क्यांचाच. मोटरसायकलच्या १८ इंची चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटरच्या जवळ जाते. खरा फरक तिथे पडतो. स्कूटरमध्ये हात आणि पाठ वाचवण्याचं मोठं काम पुढचा टेलिस्कोपिक फोर्क करतो. २०२० मध्ये ॲक्टिव्हाच्या सहाव्या पिढीला पुढे १२ इंची चाक आणि टेलिस्कोपिक फोर्क एकदमच मिळाले. गाडी सुधारल्याचं श्रेय लोकांनी चाकाला दिलं. माझ्या मते त्यात फोर्कचा वाटा मोठा आहे. जुनी गाडी घेताना पुढचा ब्रेक धरून हँडल दोन-चार वेळा खाली दाबून बघा. फोर्कच्या नळ्यांवर तेल ओघळलेलं दिसलं तर सील गेलेलं आहे.

ब्रेकच्या बाबतीत सरकारने खरेदीदाराचं अर्धं काम केलं आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची आहे. एक लिव्हर दाबली की पुढचं चाकही धरलं जातं. घाबरून नुसता मागचा ब्रेक दाबणाऱ्यांचं चाक घसरायचं, ते यामुळे कमी झालं. हाताशी पैसे असतील तर पुढच्या डिस्कला द्या. नसतील तर ड्रम चालेल, पण गुळगुळीत टायरवर एकही पावसाळा काढू नका. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला टायर थांबवतो.

राहिली इलेक्ट्रिक. थांबत-निघत चालण्यातला तोटा ती बऱ्याच अंशी टाळते. सिग्नलला मोटर बंदच असते, निघताना तिला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर मिळतो आणि वेग कमी करताना मोटर जनित्र बनून गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत टाकते. एका किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास ऊर्जा पुरते. चार्जिंगमधली गळती धरली तर एका युनिटमध्ये २८ किलोमीटर. वीजबिलाचे दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि स्कूटरची युनिटं नेहमी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणून युनिटला १२ रुपये धरू. किलोमीटरला ४३ पैसे पडतात. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज ४५ धरलं तर किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे. बचत १ रुपया ९० पैशांची.

वर्षाला सहा हजार किलोमीटर, म्हणजे कामाच्या दिवशी २० किलोमीटर चालणाऱ्याचे ११,४०० रुपये वाचतात. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत ३० हजारांचा फरक असेल तर तो अडीच-पावणेतीन वर्षांत भरून निघतो. रोज आठच किलोमीटर चालणाऱ्याला मात्र त्यासाठी साडेसहा वर्षं लागतील. कमी चालवणाऱ्याला इलेक्ट्रिक स्वस्त पडते, हा समज म्हणून उलटा आहे. जेवढं जास्त फिराल तेवढी ती स्वस्त.

बॅटरीची धास्तीही मोजून घ्यावी. तीन किलोवॅट-तासाची बॅटरी आणि वर्षाला सहा हजार किलोमीटर म्हटलं तर वर्षात पूर्ण चार्जच्या ६० फेऱ्या होतात. चांगली लिथियम बॅटरी अशा कित्येक शे फेऱ्या सोसते. त्यामुळे गावात चालणाऱ्या गाडीची बॅटरी वापराने कमी आणि वयाने, उन्हाने जास्त थकते. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात गाडी सावलीत लावणं आणि आल्या आल्या चार्जिंगला न लावता ती थोडी निवू देणं, या दोन सवयी सर्वांत मोलाच्या. २०२२ च्या उन्हाळ्यात काही इलेक्ट्रिक स्कूटरनी पेट घेतल्यावर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. पर्याय असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या. ती थोडी जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि फेऱ्याही जास्त देते.

सर्वांत स्वस्त दिसतात त्या लायसन आणि नंबरप्लेट न लागणाऱ्या गाड्या. कायद्याने त्यांची मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा लागतो. सपाट कॉलनीत एकट्याने दूध-भाजी आणायला त्या पुरतात. पण तोच ८ टक्के चढ आणि दोन माणसं घेतली, तर २५० वॅटची मोटर सतत ओढू शकेल असा वेग भरतो ताशी पाचेक किलोमीटर. म्हणजे पायी चालण्याचा. सातारा, कोल्हापूरच्या उपनगरांतल्या चढांवर किंवा कात्रजकडे राहणाऱ्यांनी स्वस्त म्हणून ती घेऊ नये. शिशाच्या बॅटरीची असेल तर मुळीच नको. ती बॅटरी लवकर संपते आणि बदलायचा खर्च लगेच समोर येतो.

माझा सल्ला असा आहे. रोजची फेरी १५ किलोमीटरच्या आत असेल किंवा पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा प्लग मिळत नसेल, तर ११० सीसीची पेट्रोल स्कूटर घ्या, आणि बजेट कमी असेल तर २०२० नंतरची जुनी. फेरी २० च्या पुढे असेल आणि घरी प्लग असेल तर इलेक्ट्रिक. सोसायटीच्या सचिवांकडून चार्जिंगची परवानगी लेखी मिळाल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका. आणि टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. मागे रोज बसणारं माणूस बसवा आणि गाडी तुमच्या घराजवळच्या चढावर न्या.