‘पुण्यात कामाला माणसंच मिळत नाहीत!’

सोसायटीची वार्षिक सभा असो, भोसरीतल्या एखाद्या लघुउद्योजकाचं ऑफिस असो की लग्नातली पंगत, पुण्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: “कामं भरपूर आहेत हो, कामाला माणसंच मिळत नाहीत.” त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: “शहर एवढं वाढलंय, हातपाय हलवणाऱ्याला इथे काय कमी आहे?” थोडक्यात, वाढीचा वाटा सगळ्यांना मिळतोच, ज्याला मिळत नाही तो आळशी. चांगले शिकलेसवरलेले लोक हे इतक्या ठामपणे बोलतात, की ते एकदा नीट तपासलंच पाहिजे.

बाजारात कांदा कमी आला की भाव चढतो. माणसांची खरोखर टंचाई असती, तर पगारही चढले असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची ‘इन्स्टिट्यूट फॉर ह्युमन डेव्हलपमेंट’ यांचा 2024 चा ‘भारत रोजगार अहवाल’ काय सांगतो? 2012 ते 2022 या दहा वर्षांत, महागाई वजा केली, तर नियमित पगारदारांची सरासरी कमाई वाढली नाही. ती दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटली. रोजंदारीवरच्या मजुरांची कमाई थोडी वाढली हे खरं, पण ती मुळातच इतकी तुटपुंजी होती की त्या वाढीने घर चालवण्याचं गणित बदललं नाही. याच काळात देशाची अर्थव्यवस्था मात्र वाढतच होती. म्हणजे ‘माणसं मिळत नाहीत’ हे वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असं: या पगारात, या अटींवर माणसं टिकत नाहीत.

अटी हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो समजून घ्यायला पिंपरी-चिंचवडसारखी दुसरी जागा नाही.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. 1960 च्या दशकात एमआयडीसी, बजाज, टेल्को आल्या. गावाकडून आलेला, दहावी किंवा आयटीआय झालेला मुलगा कंपनीत ‘परमनंट’ झाला की त्याच्या घरात पीएफ, ईएसआय, बोनस, भरपगारी रजा हे शब्द यायचे. कामगारांना घरं मिळावीत म्हणून 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्या पगारावर निगडी-आकुर्डीत घरं उभी राहिली, मुलं इंजिनिअर झाली. वाढीचा फायदा कामगाराच्या दारापर्यंत पोचला, कारण त्यामागे युनियन होती, वेतनकरार होते आणि नोकरीला कायद्याचं संरक्षण होतं.

आज चाकण, तळेगाव, रांजणगावला त्याहून कितीतरी जास्त गाड्या बनतात. पण लाइनवर उभं राहून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. एकाच कन्व्हेयरवर, एकाच प्रकारचा नट एकाच टॉर्क गनने आवळणारे दोन तरुण शेजारी शेजारी असतात. एक कंपनीचा, दुसरा ‘कॉन्ट्रॅक्टचा’. दुसऱ्याला ठेकेदार सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतो, म्हणजे घरी बसवतो, आणि काही दिवसांनी नव्या नावनोंदणीवर परत घेतो किंवा घेतच नाही. कारण कायद्यानुसार वर्षात 240 दिवस भरले की सेवा अखंड मानली जाते आणि माणसाला काढताना नोटीस, भरपाई असे प्रश्न उभे राहतात. ते 240 दिवस भरूच नयेत, याची ही तजवीज. मधल्या काळात ‘नीम’ नावाची योजनाही होती, 2013 मध्ये सुरू झालेली. तिच्यात उत्पादनाचं काम करणारा मुलगा कागदावर ‘ट्रेनी’ असायचा. त्याला किमान वेतनाच्या आसपास विद्यावेतन मिळायचं, पीएफ नाही. पुढे ती गुंडाळली गेली, पण तोवर या पट्ट्यातल्या मुलांच्या कित्येक तुकड्या तिच्यातून गेल्या होत्या.

हे पुण्यापुरतं आहे असं कुणी म्हणेल, म्हणून देशाचे आकडे. वार्षिक उद्योग पाहणीनुसार या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांतल्या साधारण पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. 2022-23 मध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर गेलं. आणि ‘नियमित पगारदार’ म्हणून मोजल्या जाणाऱ्यांचं काय? 2023-24 च्या श्रमशक्ती पाहणीत, शेती सोडून इतर क्षेत्रांतल्या अशा लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांकडे लेखी करारच नव्हता. ज्याला नेमणूकपत्र नाही त्याने बँकेत गृहकर्ज मागायचं तरी कशाच्या जोरावर? आणि अशा माणसाने चार पैसे जास्त मिळतात म्हणून दुसरीकडे उडी मारली, की हेच लोक म्हणतात, आजकालच्या पोरांना कामच नको.

यावर हुशार मंडळींचं एक उत्तर ठरलेलं असतं: सुरुवातीला विषमता वाढते, मग देश श्रीमंत झाला की आपोआप कमी होते. अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी 1955 मध्ये ही कल्पना मांडली खरी. पण आपल्या मांडणीत आकड्यांचा आधार थोडा आणि अंदाजच फार आहे, असं त्याच लेखात त्यांनी स्वतः बजावलं होतं. तो इशारा विसरून लोक नुसता आलेख दाखवत राहतात. ब्राझीलमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात विषमता खरोखर घटली. तिथे सरकारने किमान वेतन वाढवत नेलं, कामं नोंदणीकृत झाली आणि गरीब कुटुंबांच्या हाती थेट पैसे दिले. तेव्हा वाढीचा वेग चीनमध्ये ब्राझीलपेक्षा कितीतरी जास्त होता, तरी चीनमधली विषमता 2008 पर्यंत चढतच गेली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘बेरोजगारी 3.2 टक्केच आहे, मग चिंता कसली?’ घरच्या दुकानात किंवा शेतावर बिनपगारी राबणारी सूनही, हा आकडा देणाऱ्या 2023-24 च्या श्रमशक्ती पाहणीत ‘रोजगारात’ मोजली जाते.

‘शिकलं की नोकरी लागते.’ वर उल्लेखलेल्या अहवालानुसार 2022 मध्ये तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी 29.1 टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली 3.4 टक्के. निरक्षर तरुणाला वाट पाहणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम धरतो.

‘बायका मोठ्या संख्येने कामावर येताहेत.’ स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मधल्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला, हे बरोबर. पण काम करणाऱ्या स्त्रियांपैकी दोन तृतीयांश स्वयंरोजगारात आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त घरच्याच धंद्यात बिनपगारी मदतनीस.

‘परप्रांतीयांनी मजुरी पाडली.’ जून 2019 मध्ये कोंढव्यात संरक्षक भिंत कोसळून 15 जण गेले, ते परप्रांतातूनच आलेले बांधकाम मजूर आणि त्यांची मुलं. त्या भिंतीला लागून पत्र्याच्या खोल्यांत राहायची वेळ त्यांच्यावर कुणी आणली, हे आधी विचारायला हवं.

आता राहिला शेवटचा, आणि फार पसरलेला समज: एक मालक नसेल, तर सुरक्षितता देताच येत नाही. असं पुण्यात तरी कुणी बोलू नये. मार्केट यार्डातला हमाल सकाळी एका आडत्याच्या गाळ्यावर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्याच्या. कामगार नेते बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने याच माणसांना संघटित केलं. 1969 च्या माथाडी कायद्याने वाट काढली ती अशी: व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने त्यातून हमालाला मजुरी, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस द्यायचा. कचरावेचक स्त्रियांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ची. पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार केला आणि उकिरड्यावर भंगार शोधणारी बाई ओळखपत्र गळ्यात घालून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. तिचं काम आजही सोपं नाही आणि करार नूतनीकरणाच्या वेळी ताणाताणी होतेच, पण तिला आता बोलणी करायला जागा आहे.

डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचा प्रश्न हमालासारखाच आहे: मालक अनेक, काम तुकड्यांचं. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरावी, अशी तरतूद आहे. कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्के ही तिची कमाल मर्यादा. चाकणच्या लाइनवरच्या त्या दुसऱ्या तरुणासाठी मात्र सोबतच लागू झालेल्या दुसऱ्या संहितेने गोष्ट सोपी केलेली नाही. कंत्राटी कामाचे नियम पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात 20 कामगारांपासून लागू व्हायचे. महाराष्ट्राने ती मर्यादा आधीच 50 केली होती, आता ती देशभर 50 आहे. 49 माणसं पुरवणारा ठेकेदार त्यातून बाहेर.