घोडा ऐकत नाही? लगाम बदलू नका, जमिनीवर वासे टाका



दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. गिऱ्हाईक आधी दात-पाय बघतं, मग घोडा चालवून बघतं. थांबवल्यावर चार पावलं पुढं जाणारा, वळवताना मान ताठ करणारा घोडा कितीही देखणा असला तरी भाव पडतो. मग काही जण काटेरी लगाम घालतात. तसं करू नका. ओढकाम व ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत त्याला बंदी आहे, आणि तोंड दुखावलेला घोडा आणखीच अडतो.

त्यापेक्षा निलगिरीचे किंवा सुबाभळीचे चार वासे घ्या. 8 ते 10 फूट लांब, मनगटापेक्षा जाड. पीव्हीसी पाइप नको, पाय पडला की फुटतो आणि त्याची धार लागते. गोल वासा गडगडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी माती दाबा.

पहिले दोन-तीन दिवस एकच वासा. वर बसू नका, दोरी धरून पायी न्या. घोड्याला नाकाखालची जमीन दिसत नाही, मान खाली घालूनच तो बघतो. म्हणून दोरी सैल सोडा, हुंगू द्या. मागून फोका मारणारा हौशी मदतनीस घरीच बरा.

नंतर थेट तीन-चार वासे. दोन नकोत, बरेच घोडे दोन्ही मिळून एकच उडी मारतात. चालीसाठी अंतर साधारण पावणेतीन फूट, दुडकीसाठी सव्वाचार. घोडा लहान चणीचा असेल तर थोडं कमी करा. खूर सारखे वाशावर आपटत असतील तर आधी अंतर तपासा.

आता मुख्य काम. दोन वाशांत 10-12 फूट जागा सोडा आणि घोडा मधे आला की थांबवा. हलकी ओढ द्या. थांबला की त्याच क्षणी दोरी सैल! ओढ सुटली म्हणजे आपलं बरोबर आलं, एवढंच त्याला कळतं. सैल करायला उशीर झाला तर पुढच्या वेळी जास्त ओढावं लागतं. बहुतेक घोडे असेच तोंडाचे जड होतात. हे जमलं की वर बसून तेच करा.

एका वेळी 10-15 मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस पुरे. शिंगराला फक्त चालीनं, तेही थोडंच. घोडा लंगडला, पाय गरम लागला किंवा सुजला तर काम बंद, पशुवैद्यकांना दाखवा.

अंतराची शंका असेल तर बाजूनं काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ याच नंबरवर पाठवा. चारही पाय दिसू द्या.