स्क्रोल सॉवर देवनागरी पाटी कापताना

परवा शेजारच्या काकूंनी आमच्या दारावरची लाकडी पाटी निरखून विचारलं, "अरे, ‘व’च्या पोटातला तुकडा बाहेरून न कापता काढलास कसा?"

सोपं आहे. ‘व’, ‘ब’, ‘क’ अशा अक्षरांच्या पोटात आधी ड्रिलने छोटं भोक पाडायचं. स्क्रोल सॉचं ब्लेड एका टोकाला सोडवून त्यातून ओवायचं आणि पुन्हा ताणून आवळायचं. आतले भाग आधी कापा, बाहेरची रेघ शेवटी. हातात धरायला लाकूड उरतं.

पिनवाल्या ब्लेडला भोक मोठं लागतं, म्हणून बारीक अक्षरांना बिनपिनचं ब्लेड घ्या. दातांची टोकं खाली हवीत. नीट ताणलेलं ब्लेड छेडलं की टण्ण वाजतं.

६ मिमी प्लायला २ नंबरचं ब्लेड पुरतं, १८ मिमी सागवानाला ५ किंवा ७ नंबर. लाकूड रेटू नका, काप तिरका जातो. वरून पॅकिंग टेप चिकटवली तर कडा कमी जळतात.

कापून झालं की १५० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. धूळ पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा.

चष्मा आणि मास्क हवाच.

कुणी पाटी करायला घेतली असेल तर लाकूड कोणतं आणि जाडी किती ते कमेंटमध्ये लिहा, ब्लेड सुचवतो.