शिक्षकाच्या हाती शस्त्र : अमेरिकेतील शालेय सुरक्षेच्या एका उपायाची चिकित्सा

प्रस्तावना

२० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन येथील माध्यमिक शाळेत दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारात १२ विद्यार्थी व एक शिक्षक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी शाळेत एक सशस्त्र पोलिस अधिकारी नेमलेला होता आणि त्याने हल्लेखोरांवर गोळ्याही झाडल्या होत्या, ही बाब पुढील वादविवादात सहसा विसरली जाते. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० बालके व सहा कर्मचारी मारले गेले. त्यानंतर आठवड्याभरातच नॅशनल रायफल असोसिएशन या संघटनेने प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक असावा अशी मागणी केली. मात्र रक्षक नेमणे आणि शिक्षकालाच रक्षक बनविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजेच अध्यापन व शस्त्रधारण ही दोन कर्तव्ये एकाच व्यक्तीकडे सोपविण्याचा, विचार करावयाचा आहे. मराठी भाषक कुटुंबांची मुलेही आज या शाळांतून शिकत असल्याने हा प्रश्न आपणांस अगदीच परका नाही. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बळी पडलेल्या ३२ जणांत मुंबईहून वास्तुशास्त्र शिकण्यास गेलेली एक विद्यार्थिनीही होती.

कायद्याची वाटचाल

शाळेच्या परिसरात शस्त्र बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारण मनाई असली तरी राज्याचा परवाना असलेल्या अथवा शाळेशी तसा करार झालेल्या व्यक्तीस त्यातून सूट आहे. या फटीतूनच राज्यांचे कायदे पुढे आले. टेक्सासमधील हॅरल्ड या छोट्या ग्रामीण शाळा-जिल्ह्याने २००८ साली कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. पार्कलँड येथील शाळेत फेब्रुवारी २०१८ मध्ये १७ जणांची हत्या झाल्यावर फ्लोरिडाने 'गार्डियन' योजना आणली. तीत केवळ वर्गाध्यापन करणाऱ्या शिक्षकांना आरंभी वगळले होते. २०१९ मध्ये तो अपवाद काढून टाकण्यात आला.

या कायद्यांतील प्रशिक्षणाचे तास उद्बोधक आहेत. फ्लोरिडाने मूळ कायद्यात १४४ तास ठरविले, टेक्सासने 'स्कूल मार्शल'साठी ८० आणि टेनेसीने २०२४ साली ४० तास. ओहायोमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असा निर्णय दिला, की शस्त्र बाळगणाऱ्या शालेय कर्मचाऱ्याने पोलिसाइतकेच, म्हणजे ७०० हून अधिक तासांचे, प्रशिक्षण घेतले पाहिजे. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला आणि राज्याला कमाल २४ तासांचीच सक्ती करता येईल असे ठरविले. पोलिसाला जे शिकावयास महिने लागतात ते शिक्षकाने तीन दिवसांत आत्मसात करावे, ही अपेक्षा अध्यापकांविषयीच्या आदरातून आली असावी असे मानणे कठीण आहे.

समर्थकांचा पक्ष

तथापि समर्थकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ग्रामीण भागात पोलिस कित्येक मैल दूर असतात आणि बहुतेक हल्ले काही मिनिटांतच आटोपतात. १९९७ साली मिसिसिपीतील पर्ल येथे सहायक मुख्याध्यापकाने आपल्या गाडीतील पिस्तूल आणून हल्लेखोर विद्यार्थ्यास पोलिस येईपर्यंत रोखून धरले. अमेरिकेबाहेरही असे उदाहरण आहे. पेशावरच्या लष्करी शाळेत डिसेंबर २०१४ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांताने शिक्षकांना शस्त्र बाळगण्यास अनुमती दिली. जानेवारी २०१६ मध्ये चारसद्दा येथील बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला, तेव्हा रसायनशास्त्राच्या एका अध्यापकाने आपल्या पिस्तुलाने हल्लेखोरांना थोपवून धरले. विद्यार्थ्यांना निसटण्यास अवधी मिळाला, अध्यापकाने मात्र प्राण गमावले. त्याच प्रांतातील स्वात येथे २०१५ साली शिक्षकाच्या शस्त्रातून चुकून सुटलेल्या गोळीने एक विद्यार्थी दगावला होता. दोन्ही घटना एकाच धोरणाच्या पोटातून आल्या आहेत.

दोन कर्तव्यांची ओढाताण

या वादात शिक्षकाचा नेम अचूक असेल काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. न्यूयॉर्क पोलिसांविषयी रँड संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, समोरून गोळीबार होत असताना पोलिसांचा नेम साधण्याचे प्रमाण सरासरी १८ टक्के होते. नित्य सराव असलेल्यांची ही स्थिती आहे, तर गजबजलेल्या व्हरांड्यात शिक्षकाचे काय होईल याची कल्पना करता येते.

परंतु खरी अडचण नेमाच्या आधीची आहे. हल्ल्याच्या वेळी शिक्षकाने दार बंद करावे, दिवे मालवावे, मुलांना नजरेआड शांत बसवावे, अशी शिकवण अमेरिकी शाळांतून दिली जाते. सशस्त्र प्रतिकाराची शिकवण याच्या नेमकी उलट, म्हणजे आवाजाच्या दिशेने जाण्याची आहे. वीस-पंचवीस मुलांचा वर्ग ज्याच्या हवाली आहे तो शिक्षक वर्गात थांबला तर त्याचे शस्त्र शेवटचा उपाय एवढेच उरते. तो बाहेर पडला तर मुले एकटी राहतात. धावत आलेल्या पोलिसांना गणवेश नसलेला, हाती पिस्तूल घेतलेला हा माणूस कोण, हे क्षणार्धात ठरवावे लागते. आणि समोरचा हल्लेखोर बहुधा याच शाळेचा आजी वा माजी विद्यार्थी असतो. पार्कलँडचा हल्लेखोर १९ वर्षांचा होता, टेक्सासमधील युवाल्डीचा १८. दोघेही त्याच शाळांतून शिकलेले. ज्याला कालपरवा शिकविले त्याच्यावर गोळी झाडण्याची सिद्धता २४ वा ४० तासांत कशी होते, याचे उत्तर कोणत्याही अभ्यासक्रमात सापडत नाही.

ज्यांचे हे एकच कर्तव्य होते तेही कचरले, हा अनुभव ताजा आहे. पार्कलँड येथे नेमलेला सशस्त्र अधिकारी गोळीबार चालू असताना इमारतीबाहेरच थांबला. बालकांच्या पालनाची जबाबदारी त्याच्यावर होती असा सरकारपक्षाचा दावा होता. २०२३ साली ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. युवाल्डी येथे मे २०२२ मध्ये १९ मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तेथे एकूण ३७६ पोलिस व अन्य सुरक्षा अधिकारी जमले होते, तरी हल्लेखोरापर्यंत पोहोचण्यास ७७ मिनिटे लागली.

शस्त्राचे नित्य वास्तव्य

हल्ला हा अत्यंत विरळा प्रसंग. शस्त्र मात्र शाळेत रोज असते. कॅलिफोर्नियात मार्च २०१८ मध्ये शस्त्रसुरक्षेचा पाठ देत असतानाच, राखीव पोलिस दलात काम करणाऱ्या एका शिक्षकाच्या पिस्तुलातून छताकडे गोळी सुटली व विद्यार्थी जखमी झाला. आयडाहो राज्याने महाविद्यालयीन परिसरात छुपे शस्त्र बाळगण्यास जुलै २०१४ पासून मुभा दिली. दोनच महिन्यांत एका सहायक प्राध्यापकाच्या खिशातील पिस्तुलातून भर वर्गात गोळी सुटून त्याच्याच पायाला लागली. रँडने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५४ टक्के शिक्षकांनी शिक्षकांकडील शस्त्रांमुळे शाळा कमी सुरक्षित होतील असे मत दिले, तर २० टक्क्यांना त्या अधिक सुरक्षित होतील असे वाटले.

हल्ल्यापूर्वीचा काळ

अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने २०१९ साली २००८ ते २०१७ या काळातील ४१ शालेय हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वच हल्लेखोरांच्या वर्तनात आधीपासून चिंताजनक लक्षणे होती, बहुतेकांनी आपला हेतू कोणाजवळ तरी बोलून दाखविला होता आणि बंदूक वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ती घरातून अथवा जवळच्या नातेवाइकाकडून मिळविली होती. म्हणजे शिक्षकाला कार्य करण्यास जो अवधी मिळतो तो गोळीबाराच्या दोन-चार मिनिटांचा नसून त्याआधीच्या आठवड्यांचा वा महिन्यांचा आहे. त्या अवधीत उपयोगी पडते ते एवढेच, की धास्तावलेल्या विद्यार्थ्याला आपल्या शिक्षकाजवळ जाऊन मित्राविषयी बोलावेसे वाटणे. टेनेसीच्या कायद्यानुसार कोणत्या शिक्षकाजवळ पिस्तूल आहे ही माहिती गोपनीय राहते. ती पालकांना कळविली जात नाही, आणि त्या शिक्षकासमोर बसलेल्या विद्यार्थ्यालाही नाही.