योसेमिटी : मुक्काम अस्वलांच्या रानात

कॅलिफोर्नियातलं हे राष्ट्रीय उद्यान १८९० सालचं, विस्तार सुमारे ३,००० चौरस किलोमीटर. इथली ‘काळी अस्वलं’ रंगाने बहुतेक तपकिरीच. नाक विलक्षण तीक्ष्ण. वासावरून येऊन गाडीची काच फोडतात. म्हणून तंबूत किंवा रात्री गाडीत खाणं ठेवायला सक्त मनाई आहे. तळावरच्या लोखंडी पेटीत डबा, लोणच्याची बरणी तर जातेच. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीनसुद्धा. हा नियम काटेकोरपणे पाळा. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल धीट होतं आणि कधी कधी त्याला मारावं लागतं. योसेमिटीच्या दरीत सरपण गोळा करायला बंदी आहे. लाकूड लांबूनही आणू नका, त्यातून झाडं पोखरणारे किडे येतात.