गाडी बंद पडण्याआधी : जीप आणि पिकअपची दुखणी ओळखा



पूर्वी माल बाजारात न्यायचा म्हणजे बैलगाडी जुंपायची, नाहीतर एस.टी.च्या टपावर हारे चढवायचे. आता आपल्या सातारा-सांगली भागात गावोगावी पिकअप उभी दिसते. जुनी जीपही कुठे कुठे मळ्यावर राबते आहे. तासगावची द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे, कोरेगावचे आले, पाचगणीची स्ट्रॉबेरी, हा सगळा नाशवंत माल. गाडी वाटेत सहा तास अडली तर वर्षाची मेहनत दरात मार खाते. आणि घाटात ब्रेक लागला नाही, तर प्रश्न मालाचा राहत नाही, जिवाचा होतो.

"गाडी एकदम बंद पडली हो," असे आपण म्हणतो. पण गाडी सहसा एकदम बंद पडत नाही. चार-आठ दिवस आधी ती खूण दाखवत असते. कधी वास येतो, कधी धूर येतो, कधी खट्ट असा आवाज येतो. जनावर रवंथ करेनासे झाले की आपण लगेच जवळ जाऊन बघतो ना? गाडीलाही तसेच बघायला शिकले पाहिजे. कोणती खूण घरी निस्तरता येते, कोणती मिस्त्रीला दाखवायची आणि कोणती दिसताच गाडी जागेवर थांबवायची, एवढे या पत्रकात सांगितले आहे.

१. इंजिन तापणे

वाईहून पसरणीचा घाट चढताना भरलेल्या गाडीचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तर "वर जाऊन बघू" म्हणू नका. गाडी बाजूला घ्या. पट्टा शाबूत असेल आणि वाफ येत नसेल, तर इंजिन एक-दोन मिनिटे नुसते चालू ठेवून मग बंद करा. पट्टा तुटला असेल किंवा वाफ उसळत असेल, तर लगेच बंद करा.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि तेच पाणी उकळून तोंडावर उडते. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरची नळी हाताला सोसेल इतकी निवाली की जाड फडके धरून झाकण हळूहळू सोडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जातो. तो खर्च मोठा.

आता कारण शोधा. गाडी कुठे तापते, यावरून निम्मा उलगडा होतो.

घाटात, सावकाश चालताना तापते आणि सरळ हमरस्त्यावर ठीक राहते : वारा कमी पडतो आहे. फॅनबेल्ट सैल आहे का, फॅन जोरात फिरतो का, ते बघा. रेडिएटरच्या जाळीत धूळ, पाचट, किडे अडकले आहेत का, तेही बघा. ऊस हंगामात हे हमखास होते. जाळी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा मारला तर पाती वाकतात.

हमरस्त्यावर वेगात तापते : पाणी नीट फिरत नाही. रेडिएटर आतून चोंदला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा वॉटर पंप थकला असेल.

पाणी रोज कमी होते, पण गळती कुठे दिसत नाही : ही वाईट खूण. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसते का बघा. इंजिन थंड असताना झाकण काढून चालू केले आणि पाण्यात सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवू नका, ओढून न्या.

जत, आटपाडी, माण, खटाव या भागात बोअरचे पाणी बहुधा जड असते. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरमध्येही धरतो. अडचणीच्या वेळी कोणतेही पाणी चालेल, पण नंतर ते काढून कूलंट आणि शुद्ध केलेले बॅटरीचे पाणी कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात भरा.

२. धुराचा रंग

काळा धूर : डिझेल जास्त आणि हवा कमी. पहिल्यांदा एअर क्लीनर उघडा. मुरमाड रस्त्यावर आणि उसाच्या फडात तो लवकर भरतो. तो साफ असूनही धूर येत असेल, तर नोझल दाखवा. बोजा जास्त असला तरी काळा धूर येतो.

निळा धूर : ऑइल जळते आहे. रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो. आज थांबण्याचे कारण नाही, पण ऑइल रोज बघा आणि काम लांबवू नका.

पांढरा धूर : थंडीत सकाळी दोन मिनिटे आला तर काळजी नको. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणीही घटत असेल, तर पाणी इंजिनात जाते आहे असे समजा.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बी.एस. ६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी सायलेन्सरच्या वाटेवर असते. रोज मळा ते गाव एवढीच फेरी होत असेल तर ती जाळी काजळीने भरते आणि दिवा लागतो. अशा वेळी गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवावी. जाळी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते बेकायदा आहे आणि गाडीलाही घातक आहे.

३. गाडी चालू होत नाही

सेल्फ मारला की नुसते टक टक होते आणि दिवे मंदावतात : बॅटरी किंवा तिची टोके. टोकांवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी काळी (उणे) तार काढा, मग तांबडी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून थर धुवा, कोरडे करा आणि घट्ट बसवा. बसवताना तांबडी आधी. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होते आणि नवी बॅटरी घेण्याचा खर्च वाचतो.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही : डिझेल पोहोचत नाही. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत ती घरी काढता येते. डिझेल भरा. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा. हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग निव्वळ डिझेल येईल. तसे आले की पंप दाबून धरून स्क्रू आवळा.

मात्र नव्या कॉमन रेल गाड्यांत इंजिन चालू असताना नोझलकडे जाणारी नळी कधीही सैल करू नका. तिथला दाब इतका प्रचंड असतो की डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर तसेच दवाखान्यात जा, उशीर करू नका. या गाड्यांत हातपंप मारणे आणि फिल्टरखालचे पाणी सोडणे एवढेच आपले काम.

४. क्लच

इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी चढावर जोर धरत नाही आणि जळका वास येतो : क्लच प्लेट घसरते आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच बरा आहे. चालूच राहिले तर प्लेट संपली. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

गिअर टाकताना करकर होते : क्लच पुरता सुटत नाही. आधी क्लचच्या ऑइलची पातळी आणि गळती बघा. आणि चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय सोडा. प्लेट खाणारी मोठी सवय हीच.

५. ब्रेक : इथे चालढकल नको

कराड-पाटणकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला भाजी नेणारे बंधू हा भाग दोनदा वाचोत.

पेडल मऊ, स्पंजासारखे लागते : ब्रेकच्या नळीत हवा आहे, किंवा ऑइल तापून उकळले आहे.
पेडल दाबून धरले की हळूहळू खाली जाते : मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे.
गाडी एका बाजूला ओढते : एखाद्या चाकाचे लायनर ऑइलने भिजले आहे, किंवा चाकातला सिलिंडर अडकला आहे.
लोखंड घासल्याचा आवाज येतो : लायनर संपले.

यांपैकी एकही खूण दिसली तर माल भरू नका. आधी दुरुस्ती, मग भाडे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि मग लवकर उकळते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

उतरताना सुरुवातीपासूनच खालचा गिअर ठेवा. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि ड्रम आपोआप निवू द्या. त्यावर पाणी मारू नका, तडा जातो.

बोजाचा हिशेबही करा. आर.सी.वर भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. समजा, भरलेले २,९०० किलो आणि रिकामे १,६०० किलो. फरक १,३०० किलो. त्यातून केबिनमधल्या दोन माणसांचे १५० किलो वजा करा. उरले १,१५० किलो. २५ किलोचा एक भरलेला क्रेट धरला, तर ४६ क्रेट. पाटे जाड करून घेतले म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

६. फोर-व्हीलची गाडी

बऱ्याचशा पिकअपना मागची दोनच चाके ओढ देतात. ज्यांच्याकडे चारही चाकांची जीप किंवा पिकअप आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पावसात शिरायचे असेल, तर फोर-व्हील आधी टाका. चाके रुतून फिरायला लागल्यावर टाकून उपयोग कमी. जुन्या काही जीपगाड्यांत पुढच्या हबचे लॉक हाताने फिरवावे लागतात. ते राहिले की पुढची चाके ओढत नाहीत आणि आपण उगाच गिअरबॉक्सला दोष देतो.

कोरड्या डांबरी रस्त्यावर आलात की फोर-व्हील काढा. जुन्या पद्धतीच्या गाडीत वळणावर पुढची-मागची चाके कमी-जास्त फिरतात आणि मधल्या शाफ्टला पीळ बसतो. दांडा अडकला तर हिसके देऊ नका. चार-पाच फूट सरळ मागे घ्या, पीळ सुटतो आणि दांडा निघतो. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

गाडी सुटताना खालून खट्ट वाजते : प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला. इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून शाफ्ट हाताने हलवून बघा. खेळ लागला तर क्रॉस बदला. तो तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो. चिखलातले काम झाले की ग्रीस मारायला विसरू नका.

७. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा कृष्णेचा पूर आपण विसरलेलो नाही. पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवली, की नुकसान होते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दबत नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून चावीला हात लावू नका. बॅटरीची काळी तार सोडा. एअर क्लीनर उघडून बघा. तो ओला असेल तर इंजिनात पाणी गेले असे धरून गाडी ओढून न्या. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे हाउसिंग यांचे ऑइल तपासा. दुधाळ दिसले तर सगळे काढून नवे भरा. ब्रेक ड्रम आणि चाकांची बेअरिंगे उघडून साफ करा. विमा असेल तर आधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. बुडालेली गाडी चालू करून पाहिल्यामुळे इंजिन गेले, तर साध्या विम्यात ती भरपाई नाकारली जाऊ शकते.

लक्षात ठेवा

लगेच थांबा : काटा लाल, ऑइलचा दिवा लागला, पेडल खाली गेले, पाण्यात बुडबुडे.
माल पोहोचवून त्याच आठवड्यात दाखवा : निळा धूर, घसरू लागलेला क्लच (घाटाचा रस्ता मात्र नको), जड सुटणारा गिअर.
घरी करा : बॅटरीची टोके, एअर क्लीनर, रेडिएटरची जाळी, डिझेल फिल्टरचे पाणी, ग्रीस.

गाडीत कायम असू द्या : स्टेपनी आणि जॅक, पान्यांचा संच, जादा फॅनबेल्ट, पाच लिटर पाणी, बॅटरी, जाड फडके आणि लाकडाचे दोन ठोकळे.

रोज सकाळी धारा काढून झाल्या की पाच मिनिटे बॉनेट उघडा. ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, पट्टा आणि गाडीखाली पडलेला ओला डाग, एवढे पाहा. ही पाच मिनिटे दिलीत, तर रात्री दोन वाजता घाटात बॉनेट उघडून उभे राहण्याची वेळ सहसा येणार नाही.