घाट उतरताना परत येणारी वीज

शहापूर तालुक्यातली रेल्वे कसाऱ्याला येऊन थांबते ती फक्त लोकलपुरती. पुढे इगतपुरीपर्यंत थळ घाट आहे. 37 मीटरला एक मीटर असा हा चढ, आणि 1865 पासून इथे गाड्या धावतात. वर जाणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात, हे नाशिकच्या प्रवाशांना पाठ आहे. खाली येणाऱ्या गाडीत काय घडतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

इगतपुरी कसाऱ्याहून सुमारे 300 मीटर उंच आहे. हजार टनांची गाडी एवढी उतरली की सुमारे 800 युनिट ऊर्जा मोकळी होते. नुसते ब्रेक दाबले तर ती चाकं आणि ब्लॉक तापवण्यात जाते. त्याऐवजी मोटारलाच जनित्र केलं तर गाडीही आवरते आणि वीजही तारेत परत जाते. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेने 1928 पासून घाटासाठी आणलेल्या 41 ईएफ/1 इंजिनांत ही सोय होती. रेल्वेचे कामगार या इंजिनाला ‘खेकडा’ म्हणत. तेव्हा तारेत 1500 व्होल्ट डीसी होती.

पुढे टप्प्याटप्प्याने 25 हजार व्होल्ट एसी आली. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या मुख्य मार्गावरचं हे काम जून 2015 मध्ये संपलं. डब्ल्यूएपी-7 आणि डब्ल्यूएजी-9 या तीन-फेज इंजिनांत मोटारमधून परतणारी वीज कन्व्हर्टरमधून जाते. तिथले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून तिला तारेतल्या 50 हर्ट्झच्या तालात बसवतात. मात्र उघडझाप आली की 50 हर्ट्झच्या जोडीला इतर लहरीही उमटतात. त्यांना हार्मोनिक्स म्हणतात.

अडचण रुळांत आहे. डोक्यावरच्या तारेतल्या विजेचं वर्तुळ रुळांतूनच पुरं होतं, आणि त्याच रुळांत सिग्नलवाल्यांचं ट्रॅक सर्किटही असतं. रुळांत सोडलेला बारीकसा प्रवाह गाडीच्या चाकांनी जोडला गेला की रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. इंजिनातली भरकटलेली लहर रिलेच्या वारंवारतेशी जुळली, तर गाडी नसतानाही सिग्नल लाल राहील. त्याहून वाईट म्हणजे गाडी उभी असतानाही ‘रस्ता मोकळा’ असं कळेल. म्हणूनच डीसी तारेच्या काळात ट्रॅक सर्किटं एसीवर चालत. तार एसी झाली तेव्हा तीही बदलावी लागली.

बंदोबस्त सुरू होतो इंजिनातच. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या अनेक कन्व्हर्टरांच्या स्विचिंगच्या वेळा थोड्या मागेपुढे ठेवतात, त्यामुळे एकाच्या हार्मोनिक्सना दुसऱ्याच्या हार्मोनिक्स काटतात. उरलेल्या फिल्टर गिळतो. रुळांऐवजी शेजारच्या रिटर्न कंडक्टरमधून प्रवाह परतवला की दूरध्वनीच्या तारांतली खरखरही कमी होते. बऱ्याच ठिकाणी ट्रॅक सर्किटऐवजी चाकं मोजणारे अॅक्सल काउंटर बसवले आहेत. पण तेही ठरावीक वारंवारतेवर चालतात, त्यामुळे इंजिनाला तीही पट्टी मोकळी सोडावी लागते.

या शिस्तीला आकडेही आहेत. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या निकषांत तीन-फेज इंजिनाच्या एसीतल्या डीसी अंशाला 4.7 अँपिअरची मर्यादा आहे, आणि 1400 ते 5000 हर्ट्झच्या पट्टीत अवघी 400 मिलिअँपिअर. गाडी ओढताना मोटारी शेकडो अँपिअर घेतात, आणि सिग्नलचं काम त्याच रुळांतल्या तुटपुंज्या प्रवाहावर चालतं. म्हणून नवं इंजिन रुळांवर येण्याआधी ओढताना आणि ब्रेक लावताना, दोन्ही वेळा, त्याच्या हार्मोनिक्स मोजाव्या लागतात. वीज परत करणं सोपं आहे, स्वच्छ परत करण्यातच कसब आहे.

या परंपरेचा पहिला टप्पा पाहायचा असेल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जा. एक ईएफ/1 इंजिन तिथे उभं आहे. मुलांना सोबत न्या, आणि ब्रेक दाबल्यावर वीज कुठे जाते हे त्यांनाच विचारा.